सांगलीच्या जुन्या टॉकीजमध्ये भयपट महोत्सव का भरावा

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावांत जी जुनी एकपडदा चित्रपटगृहे अजून उभी आहेत, त्यांचे पुढे काय करायचे, या प्रश्नाला आपल्याकडे साधारणतः दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर बाजाराचे: जागा मोक्याची आहे, प्रेक्षक येत नाही, तेव्हा इमारत पाडून व्यापारी संकुल उभारावे. दुसरे उत्तर हळव्या मनाचे: ही शहराची आठवण आहे, तेव्हा दर्शनी भाग रंगवून आणि जुनी पोस्टरे चौकटीत लावून तिचे जतन करावे. पहिल्या उत्तरात चित्रपटगृह उरत नाही आणि दुसऱ्यात प्रेक्षक उरत नाही. मला तिसरी सूचना मांडायची आहे. जे चित्रपटगृह आज रडतखडत का होईना चालू आहे, अशा एखाद्या ठिकाणी दरवर्षी तीन-चार दिवसांचा स्वतंत्र भयपटांचा महोत्सव भरवावा, म्हणजे मोठ्या निर्मितीसंस्थेच्या पाठबळाशिवाय तयार झालेले भयपट दाखवावेत, त्यांत मराठीला अग्रक्रम द्यावा, आणि खर्चाचा एक नेमका, मर्यादित भाग महापालिकेने व राज्य सरकारने उचलावा. ही सूचना ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. त्या आठ्यांमागे असलेल्या आक्षेपांपैकी निदान एक तरी अगदी खरा आहे, म्हणून त्याला पुढे सविस्तर उत्तर दिले आहे.

आधी प्रतिष्ठेचा आक्षेप घेऊ, कारण तो सर्वांत लवकर निकालात निघतो. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या शहराने भुताखेतांच्या चित्रपटांसाठी मांडव का घालावा, असे विचारले जाईल. विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवराचा खेळ केला, आणि त्याची आठवण म्हणून आपण ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन पाळतो. त्या दिवशी भाषणे होतात, पदक दिले जाते, नांदी म्हटली जाते. परंतु भाव्यांच्या आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकून निघालेल्या मंडळींच्या खेळात सूत्रधार आणि विदूषक यांच्याइतकीच महत्त्वाची असे ती राक्षसपार्टी. हिलालांच्या उजेडात, राळेचा भपका उडवून, तलवारी परजत आणि घशाच्या शिरा ताणून ओरडत राक्षस रंगणात येत, आणि प्रेक्षक त्या क्षणाची वाट पाहत असत. पुढे इंग्रजी शिकलेल्या वर्गाने या खेळांना त्या आरोळ्यांवरूनच ‘अललडुर्र’ नाटके म्हणून हिणवले आणि आज आपण त्या हिणवणाऱ्यांच्याच चष्म्यातून पाहतो. म्हणजे सीतेचा आणि सूत्रधाराचा वारसा मोठ्या मानाने घेतो आणि राक्षसांचा मात्र सोयीस्करपणे गाळतो. पैसे देऊन, चारचौघांत बसून, ठरवून घाबरण्याची सवय या प्रदेशाला चित्रपट येण्याच्या किती तरी आधी लागलेली आहे.

ती सवय केवळ करमणुकीपुरती राहिली नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. सांगलीतच जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले, तेव्हा प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि सरकारलाही तो दिसला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. दहा वर्षांनी, म्हणजे १९२० साली, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ या मूकपटात तोच कीचकवध पडद्यावर इतका हुबेहूब दाखवला की प्रेक्षागृहात घबराट उडाली, बायका बेशुद्ध पडल्या आणि तो भाग कापावा लागला, अशी नोंद भारतीय चित्रपटाच्या इतिहासात आहे. कृष्णा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या टापूत भय, राजकारण आणि चित्रकला यांची अशी सांगड पूर्वीच घातली गेली आहे. तेव्हा भयपट हा आपल्या संस्कृतीवर बाहेरून आलेला शिडकावा आहे, असे मानणे इतिहासाला धरून नाही.

प्रतिष्ठेचा मुद्दा बाजूला सारला की खरा प्रश्न उरतो: भयपटच का? जुने चित्रपटगृह जगवायचे, तर बालचित्रपटांचा, विनोदी चित्रपटांचा किंवा जुन्या संगीतप्रधान चित्रपटांचा महोत्सव का नको? माझे उत्तर असे की इतर बहुतेक प्रकार घरात बसून पाहिल्याने थोडे कमी होतात, भयपट मात्र घरात जवळजवळ नाहीसाच होतो. भयाचा अनुभव हा प्रेक्षकाने काही काळ आपला ताबा सोडून देण्यावर अवलंबून असतो. घरात आवाज कमी करता येतो, चित्र थांबवून स्वयंपाकघरात जाता येते, दिवा लावता येतो, आणि दृश्य असह्य झाले की फोन उलटा ठेवता येतो. चित्रपटगृहात यांपैकी काहीच करता येत नाही. अंधार दुसऱ्याच्या हातात असतो आणि त्या अंधारात आपल्याभोवती शेकडो अनोळखी माणसे श्वास रोखून बसलेली आहेत, ही जाणीव पडद्यावरच्या चित्राइतकीच परिणामकारक असते. पाचशे माणसे एकदम दचकतात आणि पुढच्याच क्षणी स्वतःच्या दचकण्यावर एकदम हसतात. हे जे हसू आहे, ते मला भयपटाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते, कारण त्यात कोणी कोणापासून आपली भीती लपवत नाही. मल्टिप्लेक्सच्या दीड-दोनशे आरामखुर्च्यांच्या खोलीत हे घडत नाही असे नाही, पण उंच छताच्या, बाल्कनी असलेल्या, सात-आठशे आसनांच्या प्रेक्षागृहात खालून उठलेली किंकाळी वर पोचून पुन्हा खाली येते, तेव्हा जे घडते ते वेगळे असते.

हा केवळ माझा कल्पनाविलास नाही, याला अलीकडचा पुरावा आहे. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याला मर्यादित प्रेक्षक मिळाला. पुढची सहा वर्षे तो घरबसल्या पाहण्याची सोय होती आणि असंख्य लोकांनी तो तसा पाहिलाही. तरीही १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. ज्यांना कथा ठाऊक होती, शेवट ठाऊक होता आणि ज्यांच्या खिशातल्या फोनवर तो चित्रपट उपलब्ध होता, अशी माणसे पुन्हा तिकीट काढून गेली. त्यांनी पैसे कथेसाठी मोजले नाहीत, अंधारात इतरांबरोबर बसण्यासाठी मोजले, असा अर्थ मी काढतो. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या पिंपळाच्या पारावरचा मुंजा हिंदी चित्रपटातून शंभर कोटींवर धंदा करून गेला. मराठी लोककथेतल्या भुतांना बाजार आहे; तो बाजार मराठीला आणि मराठी गावातल्या चित्रपटगृहाला मिळत नाही, एवढेच काय ते दुखणे आहे.

आता या चित्रपटगृहांची अवस्था पाहू. एके काळी एकपडदा चित्रपटगृहाचे उत्पन्न स्टॉल आणि बाल्कनीच्या तिकिटांवर, मध्यंतरातल्या विक्रीवर आणि सणावारी लागणाऱ्या मोठ्या चित्रपटावर चालत असे. आज मोठा चित्रपट आला तर दोन आठवडे बरे जातात आणि उरलेल्या दिवसांत दुपारच्या खेळाला मोजकी डोकी असतात. डोअरकीपर आणि ऑपरेटर यांचा पगार, विजेचे बिल, मालमत्ता कर मात्र रिकाम्या खुर्च्यांनाही तेवढाच लागतो. त्यात कार्बनच्या कांड्या आणि रिळे जाऊन डिजिटल यंत्रणा आली. तिने प्रिंट गावोगाव फिरवण्याचा खर्च वाचवला हे खरे, पण बहुतेक लहान चित्रपटगृहांत ही यंत्रणा पुरवठादार कंपनीची असते, चित्रपट तिच्याच मार्गाने पडद्यापर्यंत येतो आणि त्यासाठी निर्मात्याला शुल्क भरावे लागते. कराडचा किंवा विट्याचा एखादा मुलगा मित्रांच्या मदतीने दीड तासाचा भयपट तयार करू शकतो, पण तो पेनड्राइव्हवर घेऊन टॉकीजच्या दारात उभा राहिला, तर ऑपरेटरची इच्छा असूनही तो लावता येईलच असे नाही. चित्रपट करणे स्वस्त झाले आणि दाखवणे महाग राहिले, ही विसंगती महोत्सवाच्या बाजूने असलेला एक मोठा युक्तिवाद आहे.

दुसरीकडे मालकाच्या हातपायांत नियमांच्या बेड्या आहेत. जुने चित्रपटगृह पाडून तिथे दुसरे बांधकाम करायचे, तर काही आसनांचे प्रेक्षागृह नव्या इमारतीत ठेवावे, ही अट महाराष्ट्रात दीर्घकाळ वादाचा विषय आहे आणि ती काढून टाकावी, ही मालकांची मागणीही जुनीच आहे. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे समजते. अट काढली तर वर्षभरात शहरात पडदा म्हणून केवळ मल्टिप्लेक्स उरेल. अट ठेवली आणि चालवण्यासाठी काहीच मदत केली नाही, तर मालक दाराला कुलूप लावून बसतो, छपरातून पाणी गळते, बाल्कनीत कबुतरे राहतात आणि इमारत आपोआप पडण्याची वाट पाहिली जाते. सक्तीने इमारत ठेवायला लावायची आणि तिच्यातला व्यवसाय मरू द्यायचा, याला संवर्धन म्हणणे अवघड आहे. सरकारचे मराठी चित्रपटविषयक अनुदानाचे धोरणही निर्मितीभोवती फिरते. प्रदर्शनाच्या टोकाला, जिथे चित्रपट आणि माणूस समोरासमोर येतात, तिथे मदतीचा ओघ आटलेला असतो.

भयपट आणि स्वतंत्र निर्मिती यांचे नाते मुळातच घट्ट आहे, कारण या प्रकाराला तारे लागत नाहीत. रामसे कुटुंबाने १९७२ साली आपला पहिला गाजलेला भयपट केला, तो सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात मुक्काम ठोकून. सात भावांपैकी कोणी कॅमेरा सांभाळला, कोणी ध्वनी, कोणी संकलन, कोणी लेखन आणि दोघांनी दिग्दर्शन. मोठ्या शहरांतल्या समीक्षकांनी या चित्रपटांची टर उडवली, पण ते चालले ते तालुक्याच्या गावांतल्या टॉकीजवर, रात्रीच्या शेवटच्या खेळाला. अमेरिकेतही तेच घडले होते. जॉर्ज रोमेरो यांनी १९६८ साली पिट्सबर्गजवळ, हॉलीवूडपासून दूर, लाख-सव्वा लाख डॉलरांत एक कृष्णधवल भयपट केला. त्यात जिवंत प्रेतांशी रात्रभर झुंज देऊन वाचलेला कृष्णवर्णीय नायक पहाटे मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो, आणि त्या वर्षीच्या अमेरिकेत या शेवटाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर, ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. त्याच वर्षी जुलैमध्ये विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ चित्रपटगृहांत आला. उसाच्या फडात हरवलेले एक घर, त्यात आश्रयाला आलेली गरोदर बाई, आणि जन्माला येऊ न दिलेल्या मुलींचा हिशेब, असा त्याचा विषय. तो चित्रपट म्हैसाळवर बेतलेला नव्हता. पण ऊस, घर आणि गर्भ या तीन गोष्टी ज्या जिल्ह्यात रोजच्या आहेत, तिथे तो पाहणे म्हणजे काय, हे सांगलीच्या प्रेक्षकाला कळले पाहिजे होते. त्याची हिंदी आवृत्ती २०२१ मध्ये थेट घरच्या पडद्यावर आली. म्हैसाळनंतर आपल्याकडे मोर्चे निघाले, चौकशी समिती नेमली गेली, अग्रलेख लिहिले गेले, आणि ते सगळे आवश्यक होते. परंतु ज्या घरांत हा निर्णय बंद दाराआड होतो, त्या घरांतली सासू, नवरा आणि सून एकाच रांगेत बसून त्या निर्णयाला सामोरी जातील, अशी जागा मोर्चात नसते आणि अग्रलेखातही नसते. भयपट तशी जागा देऊ शकतो. समाजप्रबोधनाचे चित्रपट पाहताना प्रेक्षक स्वतःला सज्जनांच्या बाजूला बसवतो. चांगला भयपट त्याला ती सवड देत नाही.

आता त्या खऱ्या आक्षेपाकडे येतो. हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा प्रदेश आहे. ते साताऱ्याचे, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेले, मिरजेत वैद्यकीय पदवी घेतलेले. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर काम करून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा राज्यात आला. अशा ठिकाणी हडळ, वेताळ, खवीस आणि करणी यांचे चित्रपट सार्वजनिक पैशातून दाखवणे म्हणजे ज्या रोगावर त्यांनी औषध दिले, त्याचाच प्रसार करणे नव्हे काय, असे एखादा कार्यकर्ता विचारेल, आणि त्याला हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. कारण अनेक भयपटांचा शेवट खरोखरच वाईट असतो. बाधा खरी ठरते, डॉक्टर मूर्ख ठरतो, आणि मांत्रिकाच्या मंतरलेल्या पाण्याने किंवा देवळातल्या त्रिशूळाने सर्व काही ठीक होते. विधवा, बाळंतपणात गेलेली बाई, भाजलेला किंवा अपंग माणूस यांनाच वारंवार भूत केले जाते. रामसे बंधूंच्या चिकाटीचे कौतुक करणाऱ्यानेही हे मान्य केले पाहिजे.

तरीही हा आक्षेप भयपटाच्या एका वापराविरुद्ध आहे, भयपटाविरुद्ध नाही. कायद्याचे लक्ष्य पाहिले तरी हे स्पष्ट होते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, तथाकथित चमत्कारांतून फसवणूक आणि लुबाडणूक, अघोरी कृत्ये यांवर तो रोख धरतो. कल्पित कथा सांगण्यावर नाही. भोंदूबाबा आपली भीती खरी आहे असे सांगतो, तिचा शेवट स्वतःच्या हातात ठेवतो आणि दर अमावस्येला तिचे नवे पैसे घेतो. चित्रपटगृहातली भीती तिकिटावर छापलेल्या वेळेला सुरू होते आणि दिवे लागले की संपते, आणि बाहेर पडताना प्रेक्षकाला ती कशी तयार केली याची उत्सुकता वाटते. ही उत्सुकता म्हणजे चिकित्सेची पहिली पायरी असू शकते. म्हणून महोत्सवाच्या आयोजकांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना टाळू नये, उलट त्यांना पडद्यासमोर उभे करावे. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून होम आपोआप कसा पेटतो, नारळाच्या शेंडीत दडवलेल्या सोडियमवर पाणी शिंपडले की ‘बाधा’ कशी भडकते, हे प्रयोग त्यांनी गावोगाव हजारो वेळा केले आहेत. तेच प्रयोग मांत्रिकाच्या दृश्यानंतर दहा मिनिटांनी, त्याच रंगमंचावर झाले, तर त्यांचा जो परिणाम होईल तो कोणत्याही शालेय कार्यक्रमात होणार नाही. निवड समितीत त्यांचा एक सदस्य असावा आणि मांत्रिकाला तारणहार ठरवणारा चित्रपट स्पर्धेत घेऊ नये, हा नियम आधीच जाहीर करावा. काही रसिकांना ही कलेवरची बंधने वाटतील. मला ती सार्वजनिक पैशाबरोबर येणारी साधी जबाबदारी वाटते. ज्याला मांत्रिकाचा विजय दाखवायचा आहे, त्याला खाजगी प्रदर्शनाचा मार्ग मोकळाच आहे.

प्रमाणपत्राची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला १९५२ च्या अधिनियमाखाली प्रमाणपत्र लागते, पण त्याच अधिनियमाच्या कलम ९ नुसार केंद्र सरकारला सूट देता येते आणि महोत्सवांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे चित्रपटांची यादी, कथासार आणि निवड समितीचा तपशील पाठवून ती मागता येते. लहान आयोजकाला हे कागदपत्र जड जातात, म्हणून तिथे एखाद्या महाविद्यालयाने किंवा फिल्म सोसायटीने हात द्यावा. लहान मुलांना मात्र रात्रीच्या खेळांना प्रवेश नको, आणि त्यात तडजोडही नको.

परदेशातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतात सितजेस नावाचे समुद्रकाठचे गाव आहे; वस्ती साधारण तीस हजारांची, म्हणजे आपल्या तासगावच्या जवळपास. तिथे १९६८ पासून, म्हणजे फ्रँकोची हुकूमशाही चालू असल्यापासून, अद्‌भुत आणि भयपटांचा महोत्सव भरतो आणि आज तो या प्रकारातला जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित महोत्सवांपैकी एक गणला जातो. त्याचे काही खेळ गावातल्या जुन्या संस्थांच्या प्रादो आणि रेतिरो या चित्रपटगृहांत होतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत सर्व प्रकारचे चित्रपट दाखवणारे महोत्सव आधीच आहेत. सांगलीने त्यांचीच छोटी नक्कल केली तर तिकडे कोणी वळून पाहणार नाही. लहान गावाने एकच प्रकार निवडून त्यात मुरावे, यात शहाणपण आहे.

आपल्याकडे असे एक बळ आहे जे सितजेसकडे नाही, आणि ते मिरजेत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा कोरून, तारा चढवून, जवारी काढून वाद्य बोलते करणारे कारागीर तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि त्यांच्या ओळखीचे वादकही. १९२२ सालचा मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेरातू’ हा मूकपट आज स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. तो पडद्यावर चालू असताना खाली तानपुरा, सतार, पखवाज आणि सुंदरी (सनईसारखे छोटे वाद्य) असा ताफा बसवावा आणि वादकांनी दृश्यांनुसार संगीत उभे करावे. मूकपटांच्या काळात आपल्या चित्रपटगृहांत तबला-पेटीची साथ असेच. तानपुऱ्याचा एकच स्वर सावकाश बेसूर होत गेला, तर त्याने अंगावर जो काटा येईल, तो कोणत्याही संगणकीय आवाजाने येणार नाही, असा माझा कयास आहे, आणि निव्वळ तो पडताळण्यासाठी मी तिकीट काढीन.

जुन्या इमारतीत रात्रीची गर्दी जमवताना एक भीती खरी आहे आणि तिला सौंदर्यशास्त्रात जागा नाही. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात लागलेल्या आगीत ५९ माणसे गेली. धूर भरला, बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या आणि माणसे गुदमरली. आपल्या जुन्या टॉकीजमध्ये बाजूचे दरवाजे फुकटे घुसू नयेत म्हणून साखळीने बांधण्याची वाईट खोड होती. सार्वजनिक पैसा पहिल्यांदा इथे लागला पाहिजे: वायरिंग, आपत्कालीन दिवे, दोन्ही बाजूंचे उघडणारे दरवाजे, अग्निशमनाची तपासणी. दर्शनी भागाला रंग नंतर द्यावा. त्यापुढे महापालिकेने महोत्सवाच्या काळापुरता चित्रपटगृहाच्या भाड्याचा भाग उचलावा, आणि राज्याने निवडलेल्या स्वतंत्र चित्रपटांना पडद्यापर्यंत नेण्याचे डिजिटल शुल्क भरावे. उद्घाटनाला पाहुणे, शाली, पुष्पगुच्छ, स्मरणिका आणि जाहिरातफलक यांवर मात्र एक रुपयाही देऊ नये. आपल्याकडे महोत्सवांचे निम्मे पैसे याच वाटेने जातात, आणि मग चित्रपट दाखवायला चांगला स्पीकर उरत नाही.

काळाचा विचार कृष्णेला विचारून करावा लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पलीकडे गेले आणि शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हा जुलै-ऑगस्ट बाद. नोव्हेंबरचा पहिला आठवडा नाटकाचा आहे, त्यात घुसू नये. डिसेंबरच्या मध्याला थंडी असते, परीक्षा दूर असतात आणि रात्र लवकर पडते. खेळांची आखणी करताना रात्री साडेनऊच्या मोहाला बळी पडू नये, कारण जतचा, आटपाडीचा, शिराळ्याचा प्रेक्षक शेवटची एसटी गाठून परत जाणार असतो. त्याच्यासाठी बारा आणि तीनचे खेळ भक्कम ठेवावेत आणि नव्या दिग्दर्शकांना नेमक्या त्याच वेळा द्याव्यात. तिकीट शंभर रुपयांच्या आत असावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या मर्यादेतल्या तिकिटावर पाच टक्केच जीएसटी आहे, त्यावरच्या तिकिटावर अठरा, तेव्हा यात प्रेक्षकाचे आणि मालकाचे दोघांचेही हित आहे. मध्यंतरात पॉपकॉर्नच्या टबाऐवजी भडंग मिळाले तर उत्तमच.

पहिल्या वर्षी तीन दिवस खुर्च्या भरतील, कारण नवलाई असते, आणि तेवढ्यावरून महोत्सव यशस्वी ठरवू नये. मदत देतानाच महापालिकेने मालकाशी करार करावा की पुढच्या अकरा महिन्यांत, प्रत्येक महिन्याच्या एका ठरलेल्या शनिवारी, त्याच पडद्यावर एक स्वतंत्र मराठी चित्रपट लागेल, मग तो भयपट असो वा नसो, आणि त्याच्या तिकिटविक्रीचे आकडे महापालिकेच्या कार्यालयात जमा होतील. ते आकडे सलग दोन वर्षे खाली गेले, तर अनुदान थांबवावे, आणि मालकाला त्या जागेचे काय करायचे ते ठरवू द्यावे.